सळया सोडून बांधलेलं मशीन

गेमिंगचं मशीन घ्यायला माझ्या दुकानात जो येतो, त्याचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. "भैया, इसमें लाइट जलेगी?" लाइट म्हणजे पेटीच्या आत फिरणारे रंगीत पंखे. मी विचारतो, "जलेगी. दिवाली की झालर भी टाँग दूँ?" काही जण हसतात आणि बसतात. काही उठून जातात. उठून गेलेले सरळ पुढच्या रांगेत चावलाच्या दुकानात शिरतात. तिथे काचेमागे इतका झगमगाट असतो की लग्नाचा हॉलही फिका पडावा. चावलाबद्दल मी पुढे लिहिणारच आहे. माझी बायको म्हणते, त्याच्याबद्दल छापून यावं म्हणूनच मी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला लेख द्यायला तयार झालो. ती अगदीच चूक बोलते असं नाही.

माझं दुकान दिल्लीत, नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात, पहिल्या मजल्यावर, मागच्या रांगेत. वडील फौजेत स्वयंपाकी होते, म्हणून लहानपण दिल्ली कँटोन्मेंटमध्ये गेलं. ते निवृत्त होऊन साताऱ्याकडे गावी गेले, मी गेलो नाही. या बाजारात आधी दुसऱ्यांचे मॉनिटर खांद्यावर वाहिले, मग पटरीवर, म्हणजे फुटपाथवर, टेबल टाकून माउस आणि केबली विकल्या, मग दुकान केलं. मला कुणी शिकवलं नाही. शिव्या भरपूर दिल्या, त्यातून जे शिकता आलं ते शिकलो. इथे भाव करता आला नाही तर माणूस संध्याकाळपर्यंत टिकत नाही आणि मी तीस वर्षं टिकलोय. यावरून काय ते समजा.

कमी पैशात गेमिंगचं मशीन कसं बांधावं हे समजून घ्यायचं असेल तर संगमविहार किंवा उत्तमनगरकडची घरं बघा. घर एकमजली असतं, पण छतावर कोपऱ्याकोपऱ्यातून लोखंडी सळया वर आलेल्या असतात. मालकाकडे आज एकाच मजल्याचे पैसे आहेत. पण उद्या पोराचं लग्न होईल, वर खोली चढवावी लागेल, म्हणून त्याने पाया आणि खांब दोन मजल्यांचे घातलेत आणि सळया सोडून ठेवल्यात. बघायला ते घर अर्धवट दिसतं. पण शहाणं घर तेच.

मशीनचंही तसंच आहे. त्याचा पाया म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर बाकी सगळं बसतं तो पत्रा. आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज वाटणारा डबा. या दोन गोष्टी गिऱ्हाइकाला दिसत नाहीत, म्हणून पैसे वाचवायला तो सगळ्यात आधी यांच्यावरच घाला घालतो. मी नेमकं उलटं सांगतो. डबा आज लागतो त्याहून मोठा आणि चांगल्या जातीचा घ्या, कारण उद्या ग्राफिक्स कार्ड बसेल तेव्हा ते वीज प्यायला लागेल. बोर्डावर रॅमच्या चार खाचा असू द्या, त्यातल्या दोन भरा, दोन मोकळ्या ठेवा. प्रोसेसर आज मधला चालेल, पण तो ज्या खोबणीत बसतो, त्या खोबणीचे पुढचे प्रोसेसर अजून यायचे असले पाहिजेत. आणि पैसे अगदीच कमी असतील तर ग्राफिक्स कार्ड आज घेऊच नका. ज्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची थोडीफार सोय असते तो घ्या, वर्षभर साधे गेम खेळा, पैसे जमवा.

हे शेवटचं वाक्य ऐकलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. गेमिंगचं मशीन आणि कार्डच नाही! मग तो चावलाकडे जातो. तिथे त्याला कार्ड मिळतं, लाइट मिळतात आणि आत असा डबा मिळतो की पहिल्या उन्हाळ्यात त्यातून जळका वास येतो. मग तो पुन्हा माझ्याकडे येतो. मी त्याला आधी सुनावतो आणि मग दुरुस्त करून देतो. सुनावण्याचे पैसे घेत नाही.

शिकलेली माणसं याहून वेगळी असतात असं नाही. गुरुग्रामच्या एका उंच सोसायटीत राहणारे आपले एक मराठी गृहस्थ, नाव देशपांडे धरून चालू, एका शनिवारी दुपारभर माझ्याकडे बसले. "साळुंखे, यार, तुम्ही आपले आहात, प्रामाणिकपणे सांगा." मी प्रामाणिकपणे सांगितलं. चहा पाजला, एकेक भाग का घ्यायचा हे समजावलं. देशपांडे म्हणाले, "बिल्कुल, बिल्कुल," आणि घरी जाऊन सगळं ऑनलाइन मागवलं. पुढच्या शनिवारी खोकी गाडीत घालून आले, "आता जोडून द्या ना." पैसे वाचवायला त्यांनी पेटी मात्र माझ्या सांगण्याबाहेरची घेतली होती आणि कार्ड पेटीपेक्षा बोटभर लांब होतं. मी ते कार्ड पेटीवर आडवं धरून दाखवलं. म्हटलं, "साहेब, एवढी भिंत फोडू का?" तेव्हा पलीकडच्या तीन दुकानांतली माणसं बघायला आली होती. माझा आवाज जरा मोठा आहे.

आपली माणसं सल्ला माझ्याकडून घेतात आणि माल दुसरीकडून, हे माझं जुनं दुखणं. पण ते इथेच सोडतो, कारण मला निकमांच्या ऋतुजाची गोष्ट सांगायची आहे. त्या गोष्टीतून मी सुटलो याचं आजही बरं वाटतं.

सुभेदार निकम आमच्याच साताऱ्याकडचे. मुलीला घेऊन दुकानात आले तेव्हा ऋतुजा नववीत होती. सुभेदारांची बदली सरहद्दीकडे झाली होती. बायको आणि मुलगी शाळेसाठी दिल्लीतच, कँटच्या क्वार्टरमध्ये राहणार होत्या. मुलीला गेमिंगचं मशीन हवं होतं. सुभेदारांना वाटत होतं ते अभ्यासाचं. मी दोघांच्या मधे बसून, सळया सोडलेलं मशीन बांधून दिलं. कार्ड नाही, लाइट नाही, साधी काळी पेटी. ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. सुभेदार एवढंच म्हणाले, "साळुंखे, मी चाललो. मागे हिची आई एकटी. दर वर्षी नवीन खर्च काढू नका. हे टिकलं पाहिजे आणि वाढलं पाहिजे. तुमच्या शब्दावर घेतोय."

मी शब्द दिला. खोबण टिकेल, पुढचे प्रोसेसर यातच बसतील, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. फक्त त्यांनाच नाही, त्या वर्षी कितीतरी घरांना सांगितलं.

आणि मग प्रोसेसर बनवणाऱ्यांनी जाहीर केलं की नवे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालणार नाहीत. खोबण तीच, पण बोर्डाची आतली व्यवस्था त्यांना ओळखणार नाही. तेव्हा मला आलेले फोन मी विसरणार नाही. एकाने तर विचारलं, "काका, तुमच्या सळया कुठे गेल्या?" मी फोनवर भांडलो, घरी भांडलो, रात्रीचं जेवण कमी झालं. माझ्यासारख्याकडे काचेचं दुकान नसतं, असतो तो शब्दच. जगभरच्या गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला असावा. शेवटी त्यांनी माघार घेतली आणि जुन्या बोर्डांसाठीही सोय काढली. ते कळलं त्या दिवशी मी बाजारात ओळखी-अनोळखी सगळ्यांना समोसे खाऊ घातले. कुणी विचारलं, "किस खुशी में?" तर म्हटलं, "जमानत हो गई."

मधल्या काळात ऋतुजाच्या मशीनवर मजले चढत होते. अकरावीत कार्ड बसलं. मग उरलेल्या दोन खाचांत रॅम भरली. ती कॉलेजात गेली, शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागली आणि चार मुलींचा एक संघ करून ऑनलाइन स्पर्धा खेळायला लागली. एका स्पर्धेत त्या पात्रता फेरीपर्यंत पोचल्या. ती फेरी जिंकली तर एक गेमिंगवाली संस्था संघाला वर्षभर मानधन देऊन खेळवणार होती. निकम वहिनींचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. त्यांनी मुलीला सरळ सांगितलं होतं, "एवढं एकदा खेळ. झालं तर झालं. नाही तर ते खोकं विकायचं आणि बँकेच्या परीक्षांना बसायचं." सुभेदार पुन्हा बाहेर पोस्टिंगवर होते आणि त्यांनी फोनवर बायकोच्या म्हणण्याला होकार दिला होता.

फेरी रविवारी सकाळी. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मायलेकी रिक्षातून पेटी मांडीवर घेऊन माझ्या दुकानात हजर.

"काका, पिक्चरच येत नाहीये," ऋतुजा म्हणाली. "पंखे फिरतात, सब ठीक, पण स्क्रीन ब्लॅक."

"काय बदललंस?"

"प्रोसेसर. नवीनवाला टाकला. तुम्हीच म्हणायचात ना, इसमें आगे का बसेगा."

"बसेल म्हणालो. माझ्याकडून घेतलास का?"

वहिनी म्हणाल्या, "अहो भाऊजी, तिनं त्या ॲपवर कुणाकडून तरी जुनाच घेतला. शिकवणीचे पैसे साठवून. मला आज सकाळी कळतंय."

"आणि तुझा आधीचा प्रोसेसर कुठाय?"

"तो... विकला. त्याचे पैसे घालूनच तर हा घेतला. परवा एक मुलगा घेऊन गेला. फरिदाबादचा होता."

मी डोक्याला हात लावला. बाहेरच्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल, म्हणून सांगतो. मदरबोर्डात बायोस नावाचं एक छोटं टिपण असतं. मशीन सुरू झालं की ते आधी जागं होतं आणि कोण कोण हजर आहे ते ओळखतं. ऋतुजाच्या बोर्डातलं टिपण जुनं, त्याला या नव्या प्रोसेसरचं नावच माहीत नाही. ते बदलून नवं घालता येतं, पण बदलण्यासाठी मशीन सुरू व्हावं लागतं आणि सुरू होण्यासाठी टिपणाच्या ओळखीचा, जुना प्रोसेसर आत असावा लागतो. म्हणजे आधी टिपण बदलायचं, मग जुना प्रोसेसर काढायचा. हिने दाराची किल्ली विकून नवं कुलूप आणलं होतं. व्हिडिओ बघून मशीन बांधणारी पोरं हीच चूक करतात, कारण व्हिडिओतल्या माणसाचा बोर्ड नवा असतो.

महाग बोर्डांवर एक बटण असतं. पेन ड्राइव्ह लावून ते दाबलं की प्रोसेसरशिवायही काम होतं. या बोर्डावर ते नव्हतं.

"बोर्डच दुसरा टाका ना," वहिनी म्हणाल्या.

"नाही आई!" ऋतुजा ओरडली. "स्पर्धेवाल्यांकडे मशीन रजिस्टर झालंय. बोर्ड बदलला तर ते लोक दुसरं मशीन समजतील. कल अलाउडच नहीं करेंगे. बाकी तिघी पण बाहेर होतील, मेरी वजह से."

मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, ह्यांनी तुमच्या शब्दावर घेतलं होतं हे. वाढणारं मशीन म्हणाला होता. असं वाढतं होय?"

मला राग आला. माझ्याकडून न घेता, मला न विचारता केलेल्या कामाचं माप माझ्या पदरात! मी म्हणालो, "वहिनी, शब्द मशीनचा दिला होता, तुमच्या लेकीच्या अकलेचा नाही." ऋतुजा रडायला लागली. मग माझाच राग विझला. चूक कुणाचीही असो, उद्या सकाळी ती पोरगी काळ्या स्क्रीनसमोर बसली असती आणि दुपारी ते मशीन विकायला निघालं असतं. मी स्वतः दोन मजल्यांचा पाया घातलेलं मशीन.

माझ्याकडे तपासणीसाठी एक प्रोसेसर असतो, पण तोही नंतरचा, या बोर्डाच्या ओळखीचा नाही. जुने बदलीत येतात आणि आठवड्यात निघून जातात. बोर्डावरची चिप चिमट्यात धरून बाहेरून टिपण लिहिणारा एक कारागीर खालच्या तळमजल्यावर बसतो. त्याच्या टेबलावर कापड झाकलेलं होतं. बिहारी लोकांचा छठचा सण होता, तो दरभंग्याला गावी गेला होता. छठला हा बाजार अर्धा रिकामाच असतो. दहा-बारा दुकानांत विचारून आलो. सगळीकडे एकच उत्तर, "इतना पुराना कौन रखता है? चावला के पास देख."

चावलाकडे मिळणार हे मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. तो काही टाकत नाही. जुने प्रोसेसर मिठाईच्या डब्यात भरून ठेवतो.

आता चावलाचं सांगतो. पटरीवरचं ते टेबल माझं आणि त्याचं मिळून होतं. पुढच्या रांगेतलं, चौकाकडे तोंड असलेलं दुकानही आम्ही मिळून भाड्याने घेतलं. एकाच डब्यात जेवायचो. माझे वडील गेले, मी गावी गेलो, दिवस-कार्य करून परत आलो तर दुकानाचा नवा करार झालेला आणि त्यावर नाव एकट्या चावलाचं. विचारलं तर म्हणतो, "तू वापस आएगा कि नहीं, मुझे क्या पता? मालिक को साइन चाहिए था." वडिलांच्या तेराव्याला गेलेला माणूस परत येणार नाही असं कुणाला वाटतं? मी माझं सामान उचललं आणि मागच्या रांगेत आलो. तेव्हापासून त्याच्याशी बोललो नाही. त्याच्याबद्दल मात्र बोललो. रोज बोललो, प्रत्येक गिऱ्हाइकापाशी बोललो.

मी वहिनींना म्हणालो, "एकाकडे आहे. पण तो मला देणार नाही."

"मागून तरी बघा."

"मी मागणार नाही."

"मग मी मागते," असं म्हणून बाई उठल्याच. फौजीच्या बायकोला पत्ता विचारत बसायची सवय नसते. मला धावत पुढे होऊन वाट दाखवावी लागली, ऋतुजाही मागून आली.

चावला काउंटरवर बसला होता. मला बघून त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ओए मराठे. रास्ता भूल गया?"

"इनको चाहिए," मी वहिनींकडे बोट दाखवलं आणि खोबणीचा नंबर सांगितला. "उस सॉकेट का सबसे पहला वाला. एक घंटे के लिए."

त्याने खालून डबा काढला, त्यातून बोटाने उलथापालथ करून एक प्रोसेसर वर धरला. त्या खोबणीचा पहिलावहिला, सगळ्यात मंद, आज कुणी फुकटही घेणार नाही असा. "है. पर बेचूँगा नहीं."

"किराया बोल."

"किराया भी नहीं चाहिए. तू बाज़ार में मेरा नाम लेना बंद कर. जो आता है उसको बोलता है चावला ने दुकान मारी. मेरा दामाद पूछ रहा था मेरे से, पापाजी ये सच है?"

"सच है."

"देख! अभी भी बोल रहा है!"

"तूने मारी तो बोलूँगा ही."

"तो ले जा अपना..." त्याने डबा बंद केला. मी वळलो. खरं सांगतो, मी जिन्यापर्यंत गेलो असतो. पण वहिनी मधे उभ्या राहिल्या. त्यांचं हिंदी कँटमधलं, कामापुरतं. "भाईसाब, आप दोनों का झगड़ा आप लोग परसों करो. सोमवार से रोज करो. मेरी लड़की का कल सुबह है."

चावलाने ऋतुजाकडे पाहिलं. तिचं नाक लाल झालं होतं. तो डबा उघडत म्हणाला, "ठीक है. एक साल मेरा नाम नहीं लेगा."

भाव सुरू झाला म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. हे मला येतं.

"एक साल? इस कचरे के लिए? आज का दिन."

"आज का दिन तो खत्म हो गया. अगली दिवाली तक."

"सोमवार तक."

"बैसाखी तक. इससे नीचे नहीं."

"मकर संक्रांत. और तेरा वाला यूपीएस भी देगा, मेरा पुराना है."

"यूपीएस भी? होली. आख़री. होली तक तू मेरा नाम नहीं लेगा, और प्रोसेसर मैं ख़ुद लगाऊँगा, तू पिन टेढ़ी कर देगा."

"मैं टेढ़ी करूँगा? तेरे को सिखाया किसने था?"

"होली?"

"होली."

आम्ही हात मिळवला नाही. पण तो डबा काखेत आणि यूपीएस हातात घेऊन माझ्या दुकानात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. स्टुलावर बसून आजूबाजूला बघत म्हणाला, "अँधेरा है." मी म्हणालो, "किसकी मेहरबानी?" मग मला करार आठवला आणि मी गप्प बसलो.

त्याने प्रोसेसर बसवला. हात अजून चांगला आहे त्याचा, हे कबूल करावं लागेल. स्क्रीनवर चित्र आलं. वहिनींना वाटलं झालं काम, त्या हात जोडायला लागल्या. मी म्हटलं, आता कुठे सुरू. टिपण बदलताना मधेच वीज गेली तर बोर्ड मेला. म्हणून यूपीएस. पेन ड्राइव्ह लावला, होय म्हटलं, आणि एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली. चहावाला आला, त्याला हातानेच परत पाठवलं. वीज गेली नाही. एवढी तयारी केली की ती जात नाही.

पट्टी भरली. मशीन आपोआप बंद झालं, पुन्हा सुरू झालं, आणि स्क्रीन काळी.

"गेलं?" वहिनींनी विचारलं.

इथे एक अडचण होती, ती मला आणि चावलाला दोघांनाही ठाऊक होती, पण आम्ही बोललो नव्हतो. टिपण ठेवायची जागा छोटी असते. नव्या प्रोसेसरांची नावं घालायला जुन्यांची पुसावी लागतात. काम नीट झालं असेल तर चावलाच्या प्रोसेसरला बोर्ड आता ओळखणारच नाही, स्क्रीन काळी राहणार. आणि काम बिघडलं असेल तरीही स्क्रीन काळीच राहणार. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं. परत मागे जायलाही वाट नाही.

"लगा इसका वाला," मी म्हणालो.

चावलाने आपला काढला. ऋतुजाचा प्रोसेसर मी भिंगाखाली धरला, एकेक पिन बघितली, कारण जुना माल घेताना तिने ते बघितलं असेल याची मला खात्री नव्हती. कोपऱ्यातली एक जराशी कललेली होती. "पेन्सिल," चावला म्हणाला, आणि शिसं काढलेल्या पेन्सिलीचं पोकळ टोक त्या पिनवर चढवून त्याने ती सरळ केली. मी टॉर्च धरला होता. तो म्हणाला, "हाथ मत हिला." मी म्हणालो, "मैं नहीं, तू हिल रहा है." कोण हलत होतं ते आजही ठरलेलं नाही.

बसवला. पंखा लावला. बटण मी ऋतुजाला दाबायला सांगितलं.

पंखे फिरले. स्क्रीन काळी. नवीन टिपण पहिल्यांदा जागं होताना वेळ घेतं, हे मी शेकडो वेळा पाहिलंय, पण त्या दिवशी मला ते पटत नव्हतं. ऋतुजाने आईचा हात धरला होता. चावला पंजाबीत काहीतरी पुटपुटत होता, ती प्रार्थना होती की शिवी ते कळलं नाही. सुभेदारांना फोन करून काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो होतो.

मग बोर्डातून एक बारीक टुक असा आवाज आला आणि स्क्रीन उजळली. वरच्या ओळीत नव्या प्रोसेसरचं नाव.

ऋतुजा किंचाळली आणि चावलाच्या गळ्यात पडली. माझ्या नाही! मग लक्षात आल्यावर माझ्याकडे आली. चावलाने आपला निरुपयोगी प्रोसेसर परत मिठाईच्या डब्यात ठेवला, यूपीएस उचलला आणि जाताना वहिनींना म्हणाला, "बहनजी, गवाह रहना. होली तक."

मी होळीपर्यंत त्याचं नाव घेतलं नाही. फार त्रास झाला. गिऱ्हाइकं विचारायची, "तबीयत ठीक है?" होळी होऊन गेली आहे आणि दुकान त्याने मारलं होतं, हे मी इथे स्वच्छ लिहितो. प्रोसेसर त्याने दिला हेही लिहितो, म्हणजे माझ्यावर बोल नको.

रविवारी बाजार बंद. मी घरी होतो, पण सकाळपासून मला कुठेच बसवत नव्हतं. फेरी सुरू झाली असेल, मधेच मशीन बंद पडलं तर? प्रोसेसर गरम झाला तर? तिथे मी नाही, चावला नाही. बायकोने भाजी निवडायला दिली तर मी पानं टाकून देठं ठेवली. शेवटी फोन वाजला. निकम वहिनी.

"भाऊजी, ऐकताय ना? चालू आहे. मशीन झकास चालू आहे." मागे ऋतुजा भराभरा हिंदीत कुणाला तरी हुकूम देत होती. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "पहिला डाव हरल्या. दुसरा जिंकल्या. आता तिसरा. मी पहिल्यांदाच बसलेय हिच्या शेजारी. अहो, ती डोंगरावरनं पळत येतेय ती आपली की त्यांची?"

"मला इथून काय दिसणार वहिनी?"

"त्यांचीच आहे वाटतं. अगं मागे बघ, मागे! मागे बघ, मेले!" फोन कशावर तरी आपटला. मग मला फक्त ओरडा ऐकू येत राहिला, आधी वहिनींचा, मग दोघींचा, मग फोनमधून आणखी तीन मुलींचा. मी स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभा होतो. बायको समोर उभी. तिने खुणेने विचारलं, काय झालं? मी हात वर केला, थांब.

बऱ्याच वेळाने वहिनी परत फोनवर आल्या. त्यांना दम लागला होता. "भाऊजी, जिंकल्या. ह्यांना लावते फोन. लागतोय का बघते, तिकडं रेंज नसते. आणि ऐका, त्या मशीनमध्ये आता पुढचं काय बसतं? नाही, आत्ताच नको. पण बसतं ना काहीतरी?"

"बसतं," मी म्हणालो. "पण जुनं विकण्याआधी मला फोन करायचा."